‘क्लीन अप’ कुठे, ‘टायडी अप’ कुठे आणि ‘क्लिअर’ कुठे: शब्द निवडण्यापासून वाक्य तपासण्यापर्यंत

माझ्या इंग्रजीच्या बॅचला येणारा एक मुलगा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाइनला आहे. त्याने एकदा टीमला मेसेज टाकला, ‘प्लीज क्लिअर द ड्रॉइंग्ज फोल्डर बिफोर फ्रायडे.’ त्याला म्हणायचं होतं की फोल्डर जरा आवरा, फाइलींना नीट नावं द्या, जुन्या-नव्या वेगळ्या करा. नवीन लागलेल्या ज्युनिअरने ते वाचलं, अगदी बरोबर वाचलं, आणि फोल्डर रिकामा करून टाकला. बॅकअप होता म्हणून निभावलं पण दोघांचा शनिवार-रविवार त्यात गेला.

हे एकाचं झालं. पण ‘आय क्लीन्ड माय बेड’, ‘क्लीन अप इट’, ‘वी डिड क्लीन ऑफ द हॉल’ ही वाक्यं मला दर बॅचमध्ये, ऑफिसच्या ईमेलमध्ये, सोसायटीच्या नोटिशीत सारखी दिसतात, आणि लिहिणारी माणसं हुशार असतात, शिकलेली असतात, फक्त ती थेट इंग्रजी शब्दावर उडी मारतात. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला गाळू नका.

एक सूचना आधीच. इथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेत, त्यामुळे ‘क्लीन अप’ असं सुटं लिहिलं तर दोन शब्द आणि ‘क्लीनअप’ असं जोडून लिहिलं तर एक शब्द असं समजा, पुढे चौथ्या टप्प्यात त्याचं काम आहे.

तयारी: ‘साफ करणं’ हा शब्द बाजूला ठेवा

इंग्रजी वाक्य लिहायच्या आधी तेच काम घरात आईला किंवा आजीला सांगताना कसं सांगाल ते कागदावर मराठीत लिहा. फक्त एक अट, ‘साफ करणं’ आणि ‘स्वच्छ करणं’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत. हे दोन शब्द इतके मोठे आहेत की त्यांच्या पोटात दहा वेगळी कामं लपतात, आणि घोळ नेमका तिथून सुरू होतो.

हे दोन शब्द काढले की आपल्याकडे काय काय शिल्लक राहतं बघा. केर काढणं, झाडणं, पुसणं, धुणं, घासणं, विसळणं, जळमटं काढणं, माळा काढणं, गाळ उपसणं, निवडणं, आवरणं, उचलणं, निस्तरणं. प्रत्येकाचं काम वेगळं. इंग्रजीतही असंच वेगवेगळं आहे, फक्त आपण तिकडे जाताना सगळं एका ‘क्लीन’च्या पिशवीत कोंबतो.

आता ‘आवरणं’. हा शब्द आपल्याला जास्त फसवतो कारण तो आपल्या तोंडात दिवसभर असतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. सकाळी आई म्हणते ‘आवर लवकर, रिक्षा येईल’, तिथे अंघोळ-कपडे-दप्तर सगळं आलं, इंग्रजीत ते ‘गेट रेडी’. ‘खोली आवर’ म्हणजे ‘टायडी अप’. ‘अंथरूण आवर’ म्हणजे ‘मेक द बेड’, इथे ‘क्लीन’ आलं की समोरच्याला वाटतं गादीवर काहीतरी सांडलंय. ‘केस आवर’ म्हणजे ‘डू युअर हेअर’. मेन रोडला रात्री दुकानदार म्हणतो ‘आता आवरतोय’, ते ‘क्लोजिंग अप’. ‘भाषण आवरतं घ्या’ म्हणजे ‘रॅप अप’. ‘राग आवर’ म्हणजे ‘कंट्रोल’. एका मराठी शब्दाला सात इंग्रजी, आणि खोली सोडली तर बाकी सगळीकडे ‘क्लीन अप’ चूक.

तपासणी: कागदावरच्या मराठी वाक्यात ‘आवरणं’ आलं असेल तर त्याच्या जागी दुसरं क्रियापद टाकून बघा. तयार होणं, जागच्या जागी ठेवणं, बंद करणं, संपवणं, यातलं जे बसतं त्याचंच इंग्रजी करायचं.

टप्पा १: काय जाणार, काय राहणार, हे ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, यावर वेळ घालवा. कोणत्याही साफसफाईच्या कामाला तीन प्रश्न विचारा: नको असलेलं काय आहे, ते कुठे जाणार, आणि काम संपल्यावर जागा कशी दिसणार.

घाण जाते पण वस्तू तिथेच राहतात, तर ‘क्लीन’. खिडक्या, चष्मा, दात, फरशी. हे नेहमीचं, ठरलेलं काम असतं. ‘आय क्लीन द विंडोज एव्हरी संडे.’ इथे ‘अप’ लावायची गरज नाही.

काहीच जात नाही, फक्त जे इकडे-तिकडे पडलंय ते आपापल्या जागी जातं, तर ‘टायडी अप’. खोलीत धुळीचा कण नसेल तरी ती आवरायची असू शकते, आणि खोली टापटीप दिसत असताना पलंगाखाली धूळही असू शकते. म्हणजे ‘टायडी’ आणि ‘क्लीन’ एकमेकांवर अवलंबून नाहीत.

वस्तू तिथून उचलल्या जातात आणि जागा मोकळी होते, तर ‘क्लिअर’. टेबल, रस्ता, अडलेला पाइप, ब्राउझरची हिस्ट्री. वर सांगितलेला फोल्डर असाच गेला.

कपाट, माळा, फ्रीज, पर्स अशा ‘आत’ असलेल्या जागेतलं सगळं बाहेर काढून नको ते टाकून देणं म्हणजे ‘क्लीन आउट’ किंवा ‘क्लिअर आउट’. दिवाळीआधी आपण माळा काढतो ते हेच. ‘वी क्लीन्ड आउट द लॉफ्ट.’ ‘क्लीन्ड द लॉफ्ट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल नुसता झाडू मारला.

आणि ‘क्लीन अप’ कधी? काहीतरी घडलंय, सांडलंय, फुटलंय, पसरलंय, आणि जागा होती तशी परत करायचीय, तेव्हा. त्यात ‘आधी काहीतरी झालं होतं’ हा भाव येतो.

मी हे शिकवताना नेहमी गोदावरीचा पूर घेते, कारण नाशिकमध्ये कुणालाच तो समजावून सांगावा लागत नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावरून इथे पूर मोजतात, आणि ते खूप वर चढलं की सराफ बाजारात, भांडीबाजारात पाणी शिरणार हे ठरलेलं. पूर ओसरला की दुकानदार शटर उघडतो. आत घोटाभर काळा गाळ, त्यात उलटी पडलेली पातेली, भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला पाण्याची रेघ, आणि तो ओल्या मातीचा वास जो आठ-आठ दिवस जात नाही. आता तो काय काय करतो बघा. आधी माल उचलून बाहेर काढतो, हे ‘क्लिअर आउट’. फावड्याने गाळ ओढतो, ‘शव्हल आउट द मड’. पाइप लावून भिंती-फरशी धुतो, ‘होज डाउन’. उरलेलं पाणी फडक्याने टिपतो, ‘मॉप अप’. एकेक भांडं घासतो, ‘स्क्रब’. मग सगळी भांडी परत मापाप्रमाणे फळीवर लावतो, ‘टायडी अप’ नाहीतर ‘पुट बॅक’. आणि हे सगळं, गाळापासून फळीपर्यंत, मिळून जे होतं त्याला म्हणायचं ‘क्लीन अप आफ्टर द फ्लड’. छोट्या कामांना छोटे शब्द, पूर्ण मोहिमेला ‘क्लीन अप’. एवढं डोळ्यासमोर ठेवलं तरी अर्ध्या चुका टळतात.

सावधान: ‘क्लिअर’ आणि ‘वाइप’ हे शब्द फाइल, डेटा, फोन, खातं यांच्याबाबत वापरताना दोनदा थांबा. ‘वाइप द टेबल’ म्हणजे टेबल पुसणं, पण ‘वाइप द फोन’ म्हणजे फोनमधलं सगळं उडवणं. फोनची काच पुसायची असेल तर ‘वाइप द स्क्रीन’ म्हणा.

टप्पा २: कर्म कोणतं, जागा की घाण?

इथे फार थोडे लोक थांबतात पण थांबायला हवं. ‘क्लीन अप’ला दोन्ही चालतात. ‘क्लीन अप द किचन’ म्हणजे स्वयंपाकघर ही जागा. ‘क्लीन अप द मिल्क’ म्हणजे सांडलेलं दूध ही घाण. मराठीतलं ‘पुसणं’ असंच वागतं, ‘ओटा पूस’ पण म्हणतो आणि ‘दूध पूस’ पण म्हणतो, कुणाचा गोंधळ होत नाही.

पण नुसत्या ‘क्लीन’ला घाण हे कर्म चालत नाही. ‘क्लीन द मिल्क’ म्हणजे दुधालाच स्वच्छ करा असं काहीतरी विचित्र होतं. ‘क्लीन द डस्ट’, ‘क्लीन द गार्बेज’ हीसुद्धा त्याच जातीची. धूळ असेल तर ‘वाइप ऑफ द डस्ट’, कचरा असेल तर ‘टेक आउट द गार्बेज’. घंटागाडी आली की कचरा घेऊन खाली पळतो ते ‘टेक आउट’. आणि त्याआधी ओला-सुका वेगळा करतो ते ‘सॉर्ट’ किंवा ‘सेपरेट’, त्याला कुठलंच ‘क्लीन’ लागत नाही.

एक उपप्रकार. ‘क्लीन द फिश’ म्हणजे मासळी खवले-आतडी काढून करणं, बरोबर आहे. पण ‘मेथी साफ कर’चं ‘क्लीन अप द मेथी’ होत नाही. पानं खुडायची असतात, म्हणून ‘पिक द लीव्ज’. तांदळातले खडे निवडायचे तर ‘पिक द स्टोन्स आउट ऑफ द राइस’. लांबलचक वाटतं, पण वाचणाऱ्याला कळतं.

टप्पा ३: ‘इट’ला मध्ये बसवा

नियम छोटा आहे आणि त्याला सूट नाही. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर कुठेही चालतं, ‘क्लीन अप द हॉल’, ‘क्लीन द हॉल अप’. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे ‘इट’, ‘देम’, ‘धिस’, तर ते मध्येच बसतं. ‘क्लीन इट अप.’ ‘क्लीन अप इट’ कधीच नाही. ‘टायडी इट अप’, ‘मॉप इट अप’, ‘क्लिअर देम आउट’ सगळीकडे हेच.

उलट कर्म खूप लांब असेल, म्हणजे ‘काल रात्री पोरांनी हॉलमध्ये करून ठेवलेला पसारा’ एवढं सगळं, तर ते शेवटी टाका. मध्ये कोंबलं तर ‘अप’ येईपर्यंत वाचणारा विसरतो की सुरुवात कशाने झाली होती.

तपासणी: लिहिलेलं वाक्य मोठ्याने वाचा, ‘इट’ शेवटचा शब्द असेल आणि त्याच्या आधी ‘अप’ किंवा ‘आउट’ असेल तर चुकलंय.

टप्पा ४: सुटं की जोडून, आणि उच्चार

क्रिया असेल तर दोन शब्द, ‘वी क्लीन अप एव्हरी सॅटर्डे’. नाम किंवा विशेषण असेल तर अमेरिकन पद्धतीत जोडून एक शब्द आणि ब्रिटिश पद्धतीत मध्ये छोटी रेघ, ‘द क्लीनअप टुक थ्री डेज’. एका लेखात एकच पद्धत धरा, पहिल्या पानावर रेघ आणि तिसऱ्यावर जोडून असं नको.

बोलताना पण फरक पडतो. क्रियेत जोर ‘अप’वर, नामात जोर ‘क्लीन’वर. बहुतेक जण दोन्हीकडे सारखंच बोलतात, चालतं, पण मुलाखतीला बसणार असाल तर सवय करा.

‘वी डिड क्लीन’ हे वाक्य इथे काढून टाकायचं. मराठीत ‘स्वच्छ केलं’ असतं म्हणून ‘डिड क्लीन’ येतं. ‘वी क्लीन्ड अप’ म्हणा, किंवा नाम हवंच असेल तर ‘वी डिड अ क्लीनअप’ किंवा ‘वी डिड सम क्लीनिंग’.

उच्चाराची एक मोठी चूक, आणि ही शिक्षकांच्या तोंडूनही ऐकू येते. ‘क्लीन’ला दीर्घ ‘ई’ आहे पण ‘क्लेन्लिनेस’मध्ये ‘क्लेन’ आहे, ‘क्लीनलीनेस’ नाही. ‘क्लेन्झ’ पण तसंच, ‘क्लीन्स’ नाही. आणि ‘क्लेन्झ’ घरासाठी वापरू नका, ते त्वचा, जखम, नाहीतर रामकुंडात डुबकी मारताना मनात असतं त्या शुद्धीसाठी.

टप्पा ५: शेजारचे शब्द, आणि कोणाला लिहिताय ते

जेवण झाल्यावरचं काम घ्या, रोजचं आहे म्हणून लक्षात राहतं. ताटं उचलली, ‘क्लिअर द टेबल’. खरकटं काढलं, ‘स्क्रेप द प्लेट्स’. टेबल पुसलं, ‘वाइप द टेबल’. भांडी घासली, ‘डू द डिशेस’. उरलेलं डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलं, ‘पुट अवे द लेफ्टओव्हर्स’. मिसळ खाताना ताटलीतला शेवटचा रस्सा पावाने पुसून घेतो ना, त्याला इंग्रजीत ‘मॉप अप’ म्हणतात, फरशीवरचं पाणी टिपायला जो शब्द तोच. मला हा शब्द फार आवडतो कारण दोन्हीकडे क्रिया एकच आहे, पातळ पदार्थ कशाने तरी शोषून घेणं. आणि पूर्ण ताटली फस्त केली तर ‘पॉलिश ऑफ’.

आता इथे खड्डा आहे. ‘वॉश अप’ ब्रिटिश माणसाला सांगितलं तर तो भांडी घासायला जाईल आणि अमेरिकन माणसाला सांगितलं तर तो हात-तोंड धुवायला जाईल. म्हणून ‘डू द डिशेस’ नाहीतर ‘वॉश युअर हँड्स’ असं सरळ लिहा, दोघांना कळतं. ‘पिक अप युअर रूम’ अमेरिकेत ‘खोली आवर’ असं होतं, आपल्याकडे ऐकणारा म्हणेल खोली कशी उचलायची. ‘टायडी’ ब्रिटिशांकडे जास्त ऐकू येतं. ‘क्लिअर अप’ ब्रिटिश लोक आवरण्यासाठी वापरतात, पण त्याचा दुसरा अर्थ सगळीकडे चालतो: आभाळ मोकळं होणं, पुरळ बरं होणं, गैरसमज दूर होणं. ‘लेट्स क्लिअर अप द कन्फ्यूजन’ बरोबर, ‘लेट्स क्लीन अप द कन्फ्यूजन’ चूक.

‘स्ट्रेटन अप’ म्हणजे आवरणं पण आणि ताठ उभं राहणं पण. ‘स्प्रूस अप’ म्हणजे थोडं सजवून ताजं करणं, रंग देणं, कुंड्या ठेवणं वगैरे. ‘डीक्लटर’ म्हणजे सामान कमी करणं, पसारा नव्हे तर साठा. बाकीचे शब्द गरज पडली की बघा, पाठ करत बसू नका.

टप्पा ६: कर्म माणूस असेल किंवा कर्मच नसेल, तर अर्थ फिरतो

सगळ्यात जास्त चुका भाषांतर करणाऱ्यांच्या इथे होतात, कारण शब्द ओळखीचा वाटतो आणि कुणी डिक्शनरी उघडत नाही.

‘दे क्लीन्ड अप अॅट द अवॉर्ड्स.’ याचा अर्थ समारंभानंतर त्यांनी हॉल झाडला असा नाही. त्यांनी झाडून सगळी बक्षिसं नेली. आपल्याकडे पण ‘झाडून’ हाच शब्द आहे बघा, ‘झाडून सगळे आले’, ‘झाडून सगळी बक्षिसं मारली’. पैशाच्या बाबतीत ‘ही क्लीन्ड अप इन द शेअर मार्केट’ म्हणजे बक्कळ कमावलं. ओळख अशी की या अर्थात पुढे कर्म नसतं, आणि आजूबाजूला पैसा, स्पर्धा किंवा धंदा असतो.

‘आउट’ आलं की उलटं. ‘द वेडिंग क्लीन्ड मी आउट’ म्हणजे लग्नाने खिसा पार रिकामा केला. ‘क्लीन्ड अप’ आणि ‘क्लीन्ड आउट’, एकात माणूस मालामाल आणि दुसऱ्यात कफल्लक. हे दोन अदलाबदल झाले तर बातमीच उलटी होते.

क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘क्लीन्ड हिम अप’ ऐकलं असेल. म्हणजे दांडी गुल, त्रिफळा उडाला. ‘क्लीन अप द टेल’ म्हणजे तळाचे फलंदाज झटपट गुंडाळणं. ‘क्लीन स्वीप’ म्हणजे मालिकेतले सगळे सामने जिंकणं. बेसबॉलमध्ये ‘क्लीनअप’ हा फलंदाजीच्या क्रमातला चौथा खेळाडू, आधीच्या तिघांना धावा पूर्ण करून मैदानातून आणायचं काम त्याच्याकडे असतं म्हणून तसं नाव. आपल्या वाचकाला हे कळणार नाही, तिथे ‘चौथ्या क्रमांकाचा भरवशाचा फलंदाज’ लिहा.

‘क्लीन अप युअर अॅक्ट’ म्हणजे वागणं सुधार. यात नाटक, अभिनय, कायदा काहीही नाही. मी एका भाषांतरात ‘तुमचा कायदा स्वच्छ करा’ असं छापलेलं वाचलंय, आणि तो उतारा मुलांच्या अभ्यासाचा होता, म्हणून फार वाईट वाटलं. व्यक्तीप्रमाणे मधला शब्द बदलतो, ‘माय अॅक्ट’, ‘हिज अॅक्ट’, ‘देअर अॅक्ट’.

‘ही क्लीन्स अप वेल’ म्हणजे नीट कपडे घालून, दाढी-केस करून आला तर छान दिसतो. जवळच्या माणसाला म्हणता येतं. साहेबांना म्हणू नका, एरवी तुम्ही अवतारात असता असा त्यात सूर येतो. ‘कम क्लीन’ म्हणजे खरं काय ते कबूल करणं. ‘क्लीन स्लेट’ म्हणजे कोरी पाटी, नवी सुरुवात. ‘क्लीन चिट’ आपल्याकडच्या इंग्रजीत रोज चालतं, बाहेरच्या वाचकासाठी मात्र चौकशीत कोणी निर्दोष ठरला असं सरळ वाक्यात सांगा.

तपासणी: ‘क्लीन अप’च्या पुढे जागा किंवा घाण दिसतेय का? नसेल तर पुढची-मागची दोन वाक्यं वाचल्याशिवाय भाषांतर करू नका.

टप्पा ७: ‘आफ्टर’ लागलं की बोलण्यात तक्रार येते

‘क्लीन अप आफ्टर समवन’ म्हणजे दुसऱ्याने केलेलं आपण निस्तरणं. ‘आय ऑलवेज क्लीन अप आफ्टर यू’ हे वाक्य घरात नुसतं माहिती म्हणून कोणी बोलत नाही, त्यात वैताग असतो. मराठीत त्याला ‘निस्तरणं’ हाच शब्द योग्य, ‘तुझ्यानंतर मी स्वच्छ करते’ असं केलं तर कोण कुणावर चिडलंय तेच कळत नाही. ‘निस्तरणं’ कर्जाला चालतं, भांडणाला चालतं, पोरांच्या उद्योगांना चालतं, आणि इंग्रजीतही ‘क्लीन अप द मेस’ या सगळ्यांना चालतं, इतकी जवळची जोडी दुसरी नाही.

‘क्लीन अप आफ्टर द फंक्शन’मध्ये मात्र तक्रार नाही, तिथे ‘आफ्टर’ म्हणजे नुसतं ‘नंतर’. माणूस आला की तक्रार, कार्यक्रम आला की वेळ. कुत्र्याबरोबर ‘क्लीन अप आफ्टर युअर डॉग’ ही पाटी बागेत असते, त्याचं मराठी ‘कुत्र्याची विष्ठा उचला’ असंच करा, गोलमोल ठेवलं तर कोणी उचलत नाही.

टप्पा ८: ऑफिस आणि कॉम्प्युटर

‘क्लीन अप द डेटा’ म्हणजे दुबार नोंदी काढणं, रिकाम्या जागा भरणं किंवा वगळणं, तारखा एका पद्धतीत आणणं, नावांची स्पेलिंगं सारखी करणं. काय करायचं ते तुम्हाला माहीत असतं, समोरच्याला नसतं. म्हणून ईमेलमध्ये ‘क्लीन अप’ लिहा आणि लगेच पुढच्या ओळीत दोन-तीन कामं मोजून सांगा. ‘क्लीन अप द कोड’ म्हणजे कोड वाचायला सोपा करणं, काम तेच राहिलं पाहिजे. ‘क्लीन अप द ड्राफ्ट’ म्हणजे चुका काढणं, वाक्यं नीट करणं, मजकूर बदलणं नाही, मजकूरच बदलायचा असेल तर ‘रिवाइज’ म्हणा. विंडोजमधलं ‘डिस्क क्लीनअप’ तात्पुरत्या फाइली काढतं, पूर्ण डिस्क नाही.

सावधान: ज्या सूचनेवरून कोणी काहीतरी डिलीट करू शकतो त्या सूचनेत काय ठेवायचं हेही लिहा. ‘कीप द लेटेस्ट व्हर्जन ऑफ ईच फाइल’ एवढी एक ओळ त्या अंबडच्या मुलाने टाकली असती तर त्याचा वीकेंड वाचला असता.

टप्पा ९: इंग्रजीतून मराठीत आणताना

हे काम आता नाशिकमध्ये वाढणार, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि स्वयंसेवकांची पत्रकं, पाट्या, सूचना दोन-तीन भाषांत निघणार. ‘रिव्हर क्लीनअप’ दिसलं की लगेच ‘नदी स्वच्छता’ लिहून मोकळं होऊ नका, खाली काय काम दिलंय ते बघा. पाणवेली काढायच्यात का, गाळ उपसायचाय का, घाटावरचं निर्माल्य आणि प्लॅस्टिक गोळा करायचंय का? स्वयंसेवक सकाळी सहाला गोदाघाटावर हातमोजे घालून उभा राहतो तेव्हा त्याला ‘स्वच्छता’ हा शब्द नको असतो, काय उचलू आणि कुठे टाकू हे हवं असतं. बुधवारचा बाजार उठल्यानंतरचा भाजीचा कचरा वेगळा, प्रवाहात अडकलेली पाणवेल वेगळी.

‘क्लीनअप ड्राइव्ह’ आणि ‘क्लेन्लिनेस ड्राइव्ह’ पण एक नाहीत. पहिल्यात एका दिवशी जाऊन जागा साफ करून यायचं, दुसऱ्यात लोकांची सवय बदलायची. पहिल्याला ‘सफाई मोहीम’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘स्वच्छता अभियान’. २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालेलं स्वच्छ भारत अभियान सवयीचं होतं, म्हणून तिथे ‘अभियान’ शोभतं.

‘मेयर व्हाउज टू क्लीन अप द सिटी’ असं परदेशी हेडिंग आलं तर दोन अर्थ निघतात, कचरा काढणार किंवा गुन्हेगारी मोडून काढणार. पोलीस, टोळ्या, लाच असे शब्द खाली असतील तर ‘शहरातली गुन्हेगारी निपटून काढणार’. हेडिंग शेवटी करा, बातमी आधी.

टप्पा १०: हातात पेन घेऊन तपासा

खालची पाच वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग उत्तरं बघा, आधी बघितलीत तर उपयोग नाही.

१. पाहुणे यायच्या आत हॉल आवरून ठेव.
२. डाळ उतू गेली, मी पुसते.
३. लग्नानंतर मंगल कार्यालय दुपारी चारच्या आत रिकामं करून द्यायचं.
४. तू काहीतरी करून ठेवतोस आणि मला निस्तरावं लागतं.
५. जुनी औषधं काढून टाकायला कपाट उपसलं.

पहिल्यात ‘टायडी अप द हॉल’, कारण काही टाकायचं नाही, लावायचंय. दुसऱ्यात ‘आय विल क्लीन इट अप’, ‘इट’ मध्ये, आणि कर्म डाळ आहे म्हणून नुसतं ‘क्लीन’ नाही. तिसऱ्यात ‘क्लिअर द हॉल बाय फोर’, झाडू मारला की नाही हा वेगळा प्रश्न, सामान आणि माणसं बाहेर हवीत. ‘व्हेकेट’ पण चालेल. चौथ्यात ‘आय हॅव टू क्लीन अप आफ्टर यू’. पाचव्यात ‘आय क्लीन्ड आउट द कपबोर्ड’.

तिसरं वाक्य बहुतेकांचं चुकतं, तिथे ‘क्लीन’ लिहिलं जातं. तुमचं तसं झालं असेल तर पहिल्या टप्प्यातला भांडीबाजाराचा परिच्छेद पुन्हा वाचा आणि दुकानदाराच्या प्रत्येक कामापुढे काय गेलं, काय राहिलं ते पेन्सिलीने लिहा.